व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट केलं, म्हणजे सेफ झालो का? पायथनची पॅकेजेस आणि २०२५ मधले हल्ले

मागच्या आठवड्यात रात्री अकराला मावसभावाचा फोन. तो सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नुकतंच त्यानं लॅपटॉपवर उबुंटू टाकलंय.

"ताई, लॅपटॉपचं काहीतरी बिनसलंय. अपडेटची खिडकी उघडते आणि लगेच बंद होते."

"त्याआधी काय केलं होतंस?"

"काही नाही गं. पायथनची दोन-तीन पॅकेजेस टाकली. आधी टाकू देत नव्हतं, एरर येत होता. मग चॅटबॉटला विचारलं. त्यानं कमांडच्या आधी एक शब्द आणि शेवटी एक शब्द जोडायला सांगितला. मग झालं."

आधीचा शब्द होता 'सुडो'. म्हणजे मी या मशीनचा मालक म्हणून हुकूम देतोय, मुकाट्यानं ऐका. आणि शेवटचा होता 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'. सिस्टीमची पॅकेजेस मोडली तरी चालतील, असं त्यानं स्वतःच्या हातानं टाईप करून दिलं होतं. मशीननं शब्द पाळला, एवढंच.

यात घडतं ते असं. उबुंटूची बरीच लहान-मोठी अवजारं स्वतः पायथनमध्येच लिहिलेली आहेत. अपडेटची ती खिडकी त्यातलीच एक. तिला कुठली लायब्ररी कुठल्या व्हर्जनची लागते ते उबुंटूवाल्यांनी मोजूनमापून ठेवलेलं असतं. पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमनं, त्याच लायब्ररीचं वेगळं व्हर्जन पुढ्यात आणून ठेवलं, की अवजार त्यालाच आपलं समजून उचलतं आणि कोसळतं. हे इतक्या लोकांच्या बाबतीत इतकी वर्षं होत आलं, की शेवटी २०२३ मध्ये आधी उबुंटू २३.०४ नं आणि मग डेबियन १२ नं दारच लावून घेतलं. पेप ६६८ नावाचा पायथनचा प्रस्ताव आहे, त्यानुसार. सिस्टीमच्या पायथनला हात लावायचा नाही, तुमच्या कामासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा, असं तो एरर सांगतो. चांगला दहा-बारा ओळींचा संदेश असतो. वाचतं कोण!

अर्धा तास लागला. टाकलेली पॅकेजेस काढली, खिडकी पुन्हा उघडली, मग त्याच्या प्रोजेक्टसाठी व्हेन्व करून दिलं (व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटला आम्ही सगळे व्हेन्वच म्हणतो, पायथनमधल्या त्या मोड्यूलचं नावच ते आहे). फोन ठेवताना त्यानं विचारलं, "म्हणजे आता व्हेन्व केलं की सेफ ना, ताई?"

"हो रे. सेफ. झोप आता."

आणि मग मलाच झोप येईना. कारण मी त्याला दिलेलं उत्तर अर्धं खरं होतं, आणि उरलेलं अर्धं २०२५ मधल्या बातम्यांनी चांगलंच महाग करून ठेवलंय.

आधी अर्धं खरं ते

व्हेन्व कशासाठी असतं हे मला पुस्तकातून कळलं नाही. डिसेंबर २०१९. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. द्राक्षाच्या पानाचा फोटो द्यायचा आणि कुठला रोग आहे ते प्रोग्रॅमनं सांगायचं, असा आमचा चौघांचा विषय. माझ्या लॅपटॉपवर दोन महिने छान चालत होता. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून आदल्या दिवशी लॅबमधल्या मशीनवर टाकला. पिप इन्स्टॉल टेन्सरफ्लो, एंटर. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर रन केला आणि पहिल्याच फाईलला एरर: टेन्सरफ्लोमध्ये प्लेसहोल्डर नावाची काही गोष्टच नाही. काल रात्रीपर्यंत होती की!

झालं होतं असं, की सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस टेन्सरफ्लो २.० आलं होतं आणि त्यात जुन्या पद्धतीच्या कितीतरी गोष्टी काढून टाकल्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर १.१४ होतं. व्हर्जन न लिहिता पिपला सांगितलं, तर ते सगळ्यात नवीन आणतं. आम्ही लिहिलं नव्हतं. परीक्षक चांगले होते, पण "तुमच्या लॅपटॉपवर चालतं हे मी मार्कांत कसं लिहू?" हे त्यांचं वाक्य मी अजून विसरलेली नाही.

या दुखण्याचं मूळ पायथनच्या रचनेतच आहे. एका पायथनला पॅकेजेस ठेवायला साधारण एकच फोल्डर असतो, साईट-पॅकेजेस नावाचा. त्यात एका लायब्ररीचं एका वेळी एकच व्हर्जन राहतं. नवीन टाकलं की जुनं गेलं. म्हणजे तुमच्या एका प्रोजेक्टला नमपाय १ हवंय आणि दुसऱ्याला नमपाय २, तर दोघांपैकी एक उपाशी. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं तेव्हा जुन्या नमपायवर बेतलेल्या कितीतरी लायब्रऱ्या धडाधड पडल्या होत्या. त्या काळात ज्यांनी डेटा सायन्सचा कोर्स लावला होता त्यांना तो लांबलचक इशारा आठवत असेल. जावास्क्रिप्टच्या जगात हे वेगळं आहे. तिथे एनपीएम प्रत्येक लायब्ररीच्या पोटात तिची तिची डिपेन्डन्सी ठेवू शकतं, एकाच प्रोजेक्टमध्ये एकाच लायब्ररीची तीन व्हर्जन्स सुखानं नांदतात. त्याची किंमत म्हणजे तो कुप्रसिद्ध, जीबी-जीबीनं फुगणारा नोड-मोड्यूल्स फोल्डर.

पायथननं वेगळा उपाय काढला: प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा साईट-पॅकेजेस. २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह नावाचं बाहेरचं अवजार आलं, आणि २०१२ च्या पायथन ३.३ पासून व्हेन्व पायथनच्या आतच मिळायला लागलं.

त्यात जादू काही नाही. उघडून बघा एकदा. एक साधा फोल्डर असतो. त्यात मूळ पायथनकडे बोट दाखवणारी एक फाईल, एक चार-पाच ओळींची सेटिंगची फाईल आणि एक जवळजवळ रिकामा साईट-पॅकेजेस. 'अ‍ॅक्टिव्हेट' केलं म्हणजे काय होतं? टर्मिनल प्रोग्रॅम कुठे-कुठे शोधतं त्या पत्त्यांच्या यादीत हा फोल्डर सगळ्यात वर जातो. बस्स. पायथन म्हटलं की आधी इथला सापडतो आणि तो इथलीच पॅकेजेस वाचतो.

पुण्यात आम्ही पाच जणी एका फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हा फ्रिजमधल्या डब्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. माझं दही, तिचं दही. त्यामुळे गोंधळ मिटला, भांडणं थांबली. व्हेन्व म्हणजे ही पट्टी. डब्याला कुलूप मात्र कुणी लावलं नव्हतं.

सेफ, पण कशापासून?

पॅकेजमधला कोड जेव्हा चालतो तेव्हा तो तुमच्या नावानं चालतो. तुम्ही ज्या फाईली उघडू शकता त्या तो उघडू शकतो. व्हेन्वच्या आत बसूनही तो तुमचं होम फोल्डर वाचू शकतो, डेस्कटॉपवरचे फोटो, गिटहबला जाणारी एसएसएच की, ब्राउझरनं साठवलेल्या गोष्टी, एखाद्या क्लाउडचा पासवर्ड लिहून ठेवलेली ती लपवलेली डॉट-एन्व्ह फाईल, सगळं. इंटरनेटवर पाठवूही शकतो. व्हेन्व त्याला अडवत नाही, कारण अडवणं हे व्हेन्वचं काम कधी नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, फोनवर तर असं होत नाही. बरोबर, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला लिनक्सचा वेगळा युजर देतं. जणू तुमच्या फोनवर प्रत्येक अ‍ॅप हा एक वेगळा भाडेकरू. एकाची खासगी खोली दुसऱ्याला उघडता येत नाही. फोटो, कॉन्टॅक्ट, माईक हवा तर तुम्हाला विचारावं लागतं. टर्मक्समध्ये पायथन चालवणारे विद्यार्थी मला माहीत आहेत, त्यांचं कौतुकच आहे. टर्मक्स हेही एक अ‍ॅपच, त्यामुळे तिथे चालणारं वाईट पॅकेज व्हॉट्सअ‍ॅपच्या खोलीत शिरू शकत नाही. पण टर्मक्सला स्टोरेजची परवानगी दिली असेल, तर गॅलरी त्याच्यासाठीही उघडी.

आणि फोनवरही कुलूप असतं ते अ‍ॅपच्या बाहेर. अ‍ॅपच्या आत ज्या लायब्रऱ्या असतात, जाहिरातींच्या, गेमच्या, त्या अ‍ॅपच्याच परवानग्या वापरतात. २०२३ मध्ये डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीला स्पिन-ओके नावाची अशी एक लायब्ररी सापडली होती. छोटे खेळ आणि बक्षिसं दाखवायची आणि मागून फोनमधल्या फाईली पाठवू शकायची. प्ले स्टोअरवरच्या १०१ अ‍ॅप्समध्ये ती होती, मिळून ४२ कोटींहून जास्त डाउनलोड. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी बहुधा ती भाबडेपणानं जोडली होती. त्यांच्यासाठी ती एक डिपेन्डन्सी होती, माझ्या टेन्सरफ्लोसारखी.

पायथनकडे परत येऊ. डिसेंबर २०२२ मधली गोष्ट या सगळ्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आहे. पायटॉर्चच्या रोज रात्री निघणाऱ्या प्रायोगिक व्हर्जनला टॉर्चट्रायटन नावाची एक डिपेन्डन्सी लागायची. ती पायटॉर्चवाल्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. पायथनच्या सार्वजनिक कोठारात, म्हणजे पायपीआयवर, ते नाव मोकळं होतं. कुणीतरी तिथे त्याच नावाचं पॅकेज चढवलं. पिपला दोन्ही ठिकाणी बघायला सांगितलेलं असेल तर ते सार्वजनिक ठिकाणचं उचलत होतं. २५ ते ३० डिसेंबर या दिवसांत लिनक्सवर ज्यांनी ते प्रायोगिक व्हर्जन टाकलं, त्यांच्याकडे हे बनावट आलं. त्यानं काय वाचलं? एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स, एसएसएच फोल्डरमधल्या फाईली, गिटची सेटिंग आणि होम फोल्डरमधल्या पहिल्या हजार फाईली. त्यात किती जणांनी नीट, शिस्तीत व्हेन्व केलेलं असेल! काही फरक पडला नाही. होम फोल्डर व्हेन्वच्या बाहेर असतं आणि कोड तिथे चालत गेला.

२०२५ मध्ये काय बदललं

असे हल्ले नवे नाहीत. नवं आहे ते त्यांचं प्रमाण आणि वेग.

डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्सवर हल्ला झाला. हेल्मेट ओळखणारा, नंबर प्लेट वाचणारा, खड्डे शोधणारा प्रोजेक्ट ज्यांनी केलाय ते सगळे या लायब्ररीला ओळखतात. योलो मॉडेल चालवायला बरेच जण हीच वापरतात. तिच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या व्हर्जन्समध्ये दुसऱ्याच्या मशीनवर क्रिप्टोचं खाणकाम करणारा प्रोग्रॅम घुसवलेला होता. इथे कुणी बनावट नाव वापरलं नव्हतं. नाव खरं, मालक खरे. आणि गिटहबवरचा मूळ कोडही स्वच्छ होता! हल्लेखोरांनी कोडपासून पॅकेज तयार करणारी जी आपोआप चालणारी यंत्रणा असते, तिच्यातली फट शोधली. त्यामुळे 'मी गिटहबवर जाऊन कोड वाचला, ठीक वाटला' हा शहाणपणाही तिथे तोकडा पडला असता.

मग ८ सप्टेंबर २०२५. जावास्क्रिप्टच्या एनपीएमवर चॉक, डीबग अशी १८ पॅकेजेस सांभाळणाऱ्या एका माणसाला ईमेल आला: तुमची टू-फॅक्टर सेटिंग जुनी झालीय, नवी करा, नाहीतर खातं बंद. साईट हुबेहूब, पत्ता थोडा वेगळा. तो फसला. आपल्याकडे 'तुमचं केवायसी आज बंद होणार' म्हणून जे मेसेज येतात, त्याच जातीचा हा ईमेल. फरक एवढाच, की या एका माणसाच्या पॅकेजेसचे आठवड्याला मिळून २०० कोटींहून जास्त डाउनलोड होतात. घुसवलेला कोड ब्राउझरमध्ये क्रिप्टो पाठवताना समोरचा पत्ता गुपचूप बदलत होता. साधारण दोन तासांत लक्षात आलं, म्हणून थोडक्यात निभावलं.

त्यानंतर आठवडाभरातच शाई-हुलूद आला. हा किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा. एखाद्या डेव्हलपरच्या मशीनवर पोचला की आधी पासवर्ड आणि टोकन शोधायचा, त्यात एनपीएमचं टोकन सापडलं की त्याच्याच नावानं त्याची इतर पॅकेजेस बिघडवून पुन्हा चढवायचा. तिथून पुढच्याच्या मशीनवर. पाचशेहून जास्त पॅकेजेस बाधित झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस दुसरी लाट आली ती आणखी वाईट. तिचा कोड पॅकेज टाकतानाच, इन्स्टॉल पूर्ण होण्याआधी चालायचा, आणि चोरायला काहीच हाती लागलं नाही तर होम फोल्डर पुसून टाकण्याची तरतूदही त्यात होती.

पायथनवाल्यांनी 'ते जावास्क्रिप्टचं आहे' म्हणून सुस्कारा सोडू नये. पायपीआयच्या नावानं फसवे ईमेल जुलै २०२५ मध्ये आले, सप्टेंबरात पुन्हा आले, तसेच हुबेहूब साईट घेऊन. इन्स्टॉल करतानाच कोड चालवण्याची सोय पायथनमध्येही आहे: पॅकेज जर मूळ स्वरूपात, तयार 'व्हील' न बनवता आलं असेल, तर पिप ते बांधण्यासाठी त्याच्यासोबत आलेला कोड चालवतं. तुम्ही ते पॅकेज एकदाही वापरलेलं नसतं, तरी तो चाललेला असतो.

चॅटबॉटनं सांगितलेली नावं

माझ्या मावसभावासारख्यांसाठी मला सगळ्यात जास्त काळजी या गोष्टीची वाटते.

अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांतल्या संशोधकांनी १६ भाषा-मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले आणि त्यात सुचवलेली पॅकेजेस खरोखर आहेत का ते तपासलं. सुमारे पाचातलं एक नाव अस्तित्वातच नव्हतं. अशी दोन लाखांहून जास्त वेगवेगळी काल्पनिक नावं निघाली. पैसे देऊन वापरायच्या मॉडेल्समध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं, साधारण पाच टक्के, पण शून्य नव्हतं. खरी मेख पुढे आहे: तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर ४३ टक्के काल्पनिक नावं दहाही वेळा तशीच आली. म्हणजे चॅटबॉट कुठलं नाव बनवून सांगणार याचा अंदाज बांधता येतो. आणि ज्याला अंदाज बांधता येतो, तो ते नाव पायपीआयवर आधीच नोंदवून ठेवू शकतो. याला आता स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात.

एका सुरक्षा संशोधकानं हे करूनही पाहिलं होतं. मॉडेल्स हमखास 'हगिंगफेस-सीएलआय' नावाचं पॅकेज सुचवतात असं दिसल्यावर त्यानं त्या नावाचं रिकामं, निरुपद्रवी पॅकेज चढवलं. तीन महिन्यांत तीस हजारांवर डाउनलोड. त्यानं रिकामं ठेवलं हे आपलं नशीब.

पहारा कोण देणार?

पायपीआयवर सहा लाखांहून जास्त प्रोजेक्ट आहेत. कुणीही फुकट खातं उघडून पॅकेज चढवू शकतं आणि ते लोकांपर्यंत जाण्याआधी कुणी तपासत नाही. तक्रार आली की बघितलं जातं. प्ले स्टोअरच्या आत शिरताना निदान काही चाळणी असते, इथे नाही. तरी पायपीआयनं बरंच केलंय हेही सांगायला हवं: १ जानेवारी २०२४ पासून पॅकेज चढवणाऱ्या प्रत्येकाला टू-फॅक्टर सक्तीचं झालं, आणि पासवर्डसारखं कायमचं टोकन न ठेवता थेट गिटहबसारख्या ठिकाणाहून पॅकेज प्रसिद्ध करण्याची सोय २०२३ पासून आहे.

हे सगळं चालवणारी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था लहान आहे. जेमतेम चौदा जणांचा पगारी स्टाफ. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिनं अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं १५ लाख डॉलरचं, म्हणजे साधारण तेरा कोटी रुपयांचं अनुदान नाकारलं. ते अनुदान नेमकं याच कामासाठी होतं: पायपीआयवर येणारं प्रत्येक पॅकेज आपोआप तपासणारी साधनं बनवायला. अट अशी होती, की संस्थेनं विविधता आणि समावेशाला चालना देणारे कुठलेच कार्यक्रम चालवायचे नाहीत, या प्रोजेक्टपुरतेच नाही तर संस्थेत कुठेही. मोडलं तर खर्च झालेला पैसाही परत मागता आला असता. त्यांनी नाही म्हटलं. मला तो निर्णय पटतो. मी ज्या पायथनच्या मीटअपमध्ये पहिल्यांदा स्टेजवर बोलले, ते मुलींना मुद्दाम बोलवत होते म्हणूनच बोलले. पण पटण्यानं ती साधनं बनत नाहीत. जगातल्या अब्जावधी डॉलरच्या एआय कंपन्या रोज याच कोठारातून फुकट माल उचलतात. तेरा कोटी त्यांच्या हिशोबात कुठल्या कोपऱ्यात बसतील! तूर्तास तपासणीचा बराचसा भार तुमच्या-माझ्यावरच आहे.

मी स्वतः काय करते

व्हेन्व करतेच, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं. तो मुद्दा संपलेला आहे. त्याबरोबर लॉक फाईल ठेवते. रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये नुसतं नाव लिहिणं म्हणजे २०१९ ची मी. लॉक फाईलमध्ये प्रत्येक पॅकेजचं, आणि त्याच्या पोटातल्या पॅकेजचंही, नेमकं व्हर्जन आणि हॅश असतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. फाईल एका अक्षरानं बदलली तरी जुळत नाही आणि इन्स्टॉल थांबतं. यूव्ही हे अवजार ती आपोआप बनवतं. २०२४ मध्ये ते आलं तेव्हा सगळे त्याच्या वेगावर भाळले, आणि वेग आहेच, पण मला त्याची लॉक फाईल जास्त मोलाची वाटते. पायथननंही मार्च २०२५ मध्ये लॉक फाईलचा एक सामाईक नमुना मंजूर केला, त्यामुळे पुढे-मागे सगळ्या अवजारांना एकमेकांची यादी वाचता येईल.

दुसरं म्हणजे, ताजं पॅकेज उचलत नाही. वर सांगितलेले बहुतेक हल्ले काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत पकडले गेले. जो आठवडाभर थांबला तो वाचला. यूव्हीमध्ये अमुक तारखेनंतर आलेलं काही घेऊ नको असं सांगता येतं, जावास्क्रिप्टच्या पीएनपीएमनं सप्टेंबर २०२५ मध्ये तशीच सोय दिली. हा रामबाण नाही. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लिनक्सच्या लायब्ररीत लपवलेलं चोरदार महिन्याहून जास्त काळ कुणाला दिसलं नव्हतं. शिवाय सगळेच आठवडाभर थांबले तर पहिल्यांदा पकडणार कोण, हा प्रश्न मला ऑफिसात एका सहकाऱ्यानं विचारला होता. त्याचं उत्तर असं, की पकडणाऱ्या कंपन्या पॅकेज वापरण्यासाठी नाही, तपासण्यासाठीच उतरवतात. त्या थांबत नाहीत.

आणि अनोळखी काही चालवून बघायचं असेल, तर माझ्या मशीनवर नाहीच. ऑफिसात डॉकरच्या कंटेनरमध्ये, ज्याला माझं होम फोल्डर दिसतच नाही (मीच आणून जोडलं नाही तर). घरी असेन तर सरळ गूगल कोलॅब. ते फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं, इन्स्टॉल होतं ते गूगलच्या मशीनवर, आणि काम झालं की ते मशीन टाकून देता येतं. फक्त तिथे सवयीनं ड्राइव्ह जोडू नका. परवानगीची खिडकी येते आणि आपण 'अलाउ' दाबून मोकळे होतो. ती दाबली की त्या पॅकेजला तुमचं ड्राइव्ह मिळालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मावसभावाला फोन केला आणि सांगितलं, की काल 'सेफ' म्हणाले ते फक्त उबुंटू न मोडण्यापुरतं होतं. मग हे सगळं सांगितलं, थोडं कमी शब्दांत. त्याला म्हटलं, तुझ्या व्हेन्वमध्ये किती पॅकेजेस आहेत ती यादी काढ बघू.

"एकसष्ट."

"तू किती टाकली होतीस?"

"चार." मग बराच वेळ नुसता स्क्रोल करत असावा. "ताई, यातलं एक नाव चॅटबॉटनं दिलं होतं. पायपीआयवर बघतोय. पहिलं आणि एकच व्हर्जन, नऊ दिवसांपूर्वीचं. गिटहबची लिंक नाही. लेखकाचं नाव पण नाही."

"तुझ्या कोडमध्ये कुठे वापरलंयस ते?"

"कुठेच नाही. त्यानं टाकायला सांगितलं म्हणून टाकलं."

मी त्याला सगळ्यात आधी वायफाय बंद करायला सांगितलं. मग फोनवरून गिटहब उघडून लॅपटॉपवरची ती एसएसएच की खात्यातून काढून टाकायला, पासवर्ड बदलायला, आणि लॅपटॉपवर कुठल्या फाईलमध्ये आणखी कुठले पासवर्ड लिहून ठेवलेत ते एका कागदावर उतरवायला. कागद भरायला त्याला पंधरा मिनिटं लागली.